पहिल्या आंकड्याची ओढ व पत्रांचा कालनिर्णय

मिति झिजलेलें पत्र हातीं आलें म्हणजे संशोधक अक्षराचें वळण, कागद व मजकूर पाहून त्याचा काल ठरवितो, असा समज आहे. प्रत्यक्षांत पुष्कळदा रुमालांतील जुन्या चिठीवरचा आंकडा आधींच दृष्टीस पडतो, आणि पुढील सर्व तपास त्याच्याच भोंवतीं फिरतो.

आमचाच एक प्रमाद येथें नमूद करितों. एका मोडी पत्राच्या सनांत ‘इहिदे’ व ‘मया व अलफ’ हे शब्द स्पष्ट होते. दशकाचा शब्द किडीनें खाल्ला असून त्याचें शेवटचें अक्षर तेवढें शिल्लक होतें. पूर्वीच्या संग्राहकानें चिठीवर ‘सबैन’ लिहिलें होतें. त्यावरून सुहूर सन ११७१, म्हणजे इ. स. १७७०–७१, असें आम्हीं धरिलें. मजकुरांतील ‘माधवराव पंडित प्रधान’ हे मग अर्थातच थोरले माधवराव ठरले, आणि तो उल्लेखच आम्हांस पुरावा वाटूं लागला! पुढें तिथि व वार पंचांगाशीं ताडून पाहतां जुळेनात. ‘तिसैन’, म्हणजे ११९१ (इ. स. १७९०–९१), धरितांच ते जुळले. पत्रांतील पेशवे सवाई माधवराव होते. चूक वीस वर्षांची, आणि पेशवाच बदलला.

हा दोष केवळ आमचा नव्हे. आमोस ट्वर्स्की व डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत याविषयींचा एक प्रयोग दिला आहे. लोकांसमोर आंकड्यांचें एक चक्र फिरवून, संयुक्त राष्ट्रसंघांत आफ्रिकी देशांचें प्रमाण शेंकडा किती, तें चक्रावरील आंकड्याहून अधिक कीं कमी, असें त्यांस विचारिलें. चक्रावर १० आला त्यांचा मध्यम अंदाज २५ निघाला. ६५ आला त्यांचा ४५. चक्राचा प्रश्नाशीं कांहींएक संबंध नव्हता. अचूक उत्तरास मोबदला देऊं केला, तरीही ही ओढ कमी झाली नाहीं. मग जाणत्या संग्राहकाच्या चिठीची ओढ किती असेल?

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, चिठी फाडूं नये, कारण तीही एका वाचकाची साक्ष आहे. परंतु प्रथम ती झांकून पत्र वाचावें, आपला अंदाज कारणांसह टिपून ठेवावा, आणि मगच चिठी उघडावी. दोन मतें जुळलीं, तर तीं खरोखर दोन आहेत असें तेव्हांच म्हणतां येईल.