पोटाचे व्यायाम करताना मान का दुखते आणि ती कशी सांभाळावी?

पोट कमी करायचे असे ठरवून तुम्ही सतरंजी पसरली, दोन्ही हात डोक्यामागे घेतले आणि क्रंचेस सुरू केले. चार-पाच दिवसांत पोट राहिले बाजूला, मानच आखडली. अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण बऱ्याचदा म्हणतात, "डॉक्टर, मला व्यायाम सोसतच नाही." बहुतेक वेळा दोष व्यायामाचा नसतो, तो करण्याच्या पद्धतीचा असतो. पद्धत सुधारली की मान दुखायची थांबते आणि पोटाच्या स्नायूंनाही खरा व्यायाम मिळतो.

मान का दुखते?

पोटाचा मुख्य सरळ स्नायू खालच्या बरगड्यांपासून ओटीपोटाच्या पुढच्या हाडापर्यंत असतो. बरगड्या आणि कंबर एकमेकांजवळ आणणे हे त्याचे काम. मानेशी तो कुठेही जोडलेला नसतो. पण उताणे झोपून खांदे उचलताना डोकेही उचलावे लागते. प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साधारण ४.५ ते ५ किलो असते आणि हा सगळा भार मानेच्या पुढच्या स्नायूंवर येतो.

त्यातच पुढील चुका झाल्या की ताण वाढतो:

- हातांनी डोके ओढणे: पोटाचे स्नायू थकले की नकळत हात डोक्याला पुढे खेचतात. मान जास्त वाकते आणि मागचे स्नायू ताणले जातात.
- हनुवटी छातीला टेकवणे किंवा वर उचलणे: दोन्ही स्थितींत मान पाठीच्या रेषेत राहत नाही.
- झटका देऊन उठणे: वेगामुळे पोटाचे काम कमी होते, मानेला मात्र हिसका बसतो.
- आकड्याच्या मागे लागणे: दहा नीट झाल्यावर पुढचे वीस बहुधा मानेच्या जोरावर होतात.

दिवसभर संगणकासमोर किंवा मोबाइलवर मान पुढे काढून बसणाऱ्यांचे मानेचे आतले आधार देणारे स्नायू अनेकदा कमजोर झालेले असतात. त्यांची मान लवकर थकते.

आधी ही छोटी चाचणी करा

उताणे झोपा, गुडघे वाकवा, तळपाय जमिनीवर ठेवा. एक हात पोटावर आणि दुसऱ्या हाताची बोटे गळ्याच्या बाजूला हलकेच ठेवा. आता डोके आणि खांदे जरासे उचला. पोट घट्ट होण्याआधीच गळ्याच्या दोरीसारख्या शिरा ताठ झाल्या, तर तुम्ही पोटाऐवजी मानेने उठत आहात. (या खरे तर शिरा नसून मानेचे स्नायू असतात.)

योग्य पद्धत

१. गुडघे वाकवून झोपा. हनुवटी किंचित आत घ्या. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये तुमची बंद मूठ मावेल एवढे अंतर राहू द्या.

२. बोटे एकमेकांत गुंफू नका. बोटांची टोके कानांमागे नुसती टेकवा किंवा हात छातीवर ठेवा. कोपर बाजूला उघडे असू द्या.

३. नजर गुडघ्यांच्या वर, समोरच्या छताकडे ठेवा.

४. श्वास सोडत आधी पोट घट्ट करा, मग डोके आणि खांदे एकदमच उचला. खांद्याची पाती जमिनीपासून सुटली की पुरे. पूर्ण उठून बसायची गरज नाही.

५. क्षणभर थांबा आणि श्वास घेत सावकाश खाली या. श्वास रोखून धरू नका.

सुरुवातीला ८ ते १० वेळा करा, विश्रांती घ्या आणि जमल्यास आणखी एक फेरी करा. मान भरून आली की त्या दिवसापुरते थांबा, संख्या अपुरी राहिली तरी चालेल.

टॉवेलचा आधार: मान तरीही थकत असेल तर एक मोठा टॉवेल पाठीच्या वरच्या भागापासून डोक्यापर्यंत लांबीला अंथरून त्यावर झोपा. डोक्याजवळची दोन टोके हातांत धरा आणि डोक्याचा भार टॉवेलवर सोडा. टॉवेलने डोके पुढे ओढायचे नाही, झोळीसारखे नुसते पेलायचे.

मान न उचलता पोटाचे व्यायाम

- टाच सरकवणे: गुडघे वाकवून झोपा, पोट घट्ट ठेवून एक टाच सावकाश पुढे सरकवा आणि परत आणा. मग दुसरी. नवशिक्यांसाठी हा चांगला आरंभ आहे.
- डेड बग: उताणे झोपून हात छताकडे, गुडघे कंबरेवर काटकोनात. उजवा हात डोक्याकडे आणि डावा पाय पुढे एकाच वेळी न्या, परत या, बाजू बदला. डोके जमिनीवरच आणि कंबर कमानीसारखी उचललेली नको.
- प्लँक: कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ रेषेत धरा. जमत नसेल तर गुडघे टेका. नजर जमिनीकडे असावी. समोर आरशात पाहायला मान वर केली की पुन्हा ताण येतो.

नौकासनातही हाच नियम लागू आहे: छाती उघडी आणि मान पाठीच्या रेषेत.

मानेलाही बळ द्या

उशी न घेता उताणे झोपा. डोके न उचलता "हो" म्हणताना मान हलवतो तितकीच हनुवटी आत घ्या. ५ ते १० सेकंद धरा, सोडा. असे दहा वेळा करा.

मान दुखू लागली तर

तो व्यायाम काही दिवस बंद ठेवा, पण मान पूर्ण जखडून ठेवू नका. सोसेल तितकी हळूहळू हलवत राहा. १५ ते २० मिनिटे कापडातून शेक घेतल्याने आराम पडतो. साधा स्नायूंचा ताण बहुधा काही दिवसांत ते दोन आठवड्यांत बरा होतो. केशकर्तनालयात मान "कडकन मोडून" घेणे टाळा. अशा झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

यांनी आधी डॉक्टरांना विचारावे

- हाडे ठिसूळ झालेल्यांनी. पाठ वाकवणाऱ्या क्रंचेससारख्या व्यायामाने मणक्याला फ्रॅक्चर होऊ शकते. घरातील आजी-आजोबांना हा व्यायाम परस्पर सुचवू नका.
- मानेच्या मणक्यांची झीज किंवा गादी सरकल्याचे निदान असलेल्यांनी
- गर्भवती आणि नुकतीच बाळंत झालेल्या स्त्रियांनी
- हर्निया असलेल्यांनी किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी
- रक्तदाब नियंत्रणात नसलेल्यांनी

ही लक्षणे दिसल्यास वाट पाहू नका

- हातात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा
- चालताना तोल जाणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे
- मानदुखीसोबत ताप आणि मान ताठ होणे
- अचानक तीव्र मानदुखी किंवा डोकेदुखी, चक्कर, बोलण्यात अडखळणे
- मान, जबडा किंवा हातातील दुखण्यासोबत छातीत दाब, घाम किंवा धाप

शेवटचे लक्षण हृदयविकाराचे असू शकते. व्यायामाने मान दुखावली असेल असे समजून घरी थांबू नका, ताबडतोब रुग्णालयात जा.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. क्रंचेसमुळे पोटाचे स्नायू बळकट होतात, पण फक्त पोटावरची चरबी त्याने वितळत नाही. त्यासाठी आहार आणि नियमित चालण्यासारखा व्यायाम हवा. म्हणून शंभराचा आकडा गाठण्यासाठी मान पणाला लावू नका. नीट केलेले दहा पुरेसे आहेत.