थकबाकीचा हिशेब

मीरा-भाईंदरच्या इतिहासात घोडबंदरच्या किल्ल्याइतक्याच पालिकेच्या वह्याही बोलक्या आहेत, असे आम्हांस वाटते. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र होऊन येथे नगरपालिका झाली, २००२ साली महापालिका. २०११ च्या जनगणनेत वस्ती ८ लाखांवर गेली.

कल्याण-डोंबिवलीने महापालिकांच्या संगणकीकरणाची वाट आधीच पाडली होती. पण मोठा बदल यंत्राचा नव्हे, हिशेबपद्धतीचा होता. जुन्या रोख पद्धतीत पैसा तिजोरीत पडला की जमा, बाहेर गेला की खर्च. थकलेली घरपट्टी किंवा कंत्राटदाराचे न चुकवलेले बिल वार्षिक जमाखर्चात उमटतच नसे. (उधारीची वही तर कोपऱ्यावरचा वाणीही ठेवतो!) २००५ च्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाने निधीसोबत द्विनोंदी उपार्जन पद्धतीची अट घातली, आणि येणे-देणे दोन्ही कागदावर येऊ लागले.

नागरिकाचे येणे मात्र या वहीत नव्हते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत बांधून दिली. तरीही तोल पाहा: घरपट्टी थकली की दरमहा २ टक्के शास्ती बिलावर आपोआप चढते, दाखला थकवणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड आहे खरा, पण त्यासाठी अपील नागरिकानेच करायचे असते.