बेंडलरश्ट्रासेवरची संध्याकाळ

मोबाइल घरीच ठेवा. मनगटावर घड्याळ हवंच असेल तर किल्लीचं बांधा आणि चला. २० जुलै १९४४, गुरुवार, दुपारचे साडेचार वाजून गेलेत. तुम्ही बर्लिनमध्ये, बेंडलरश्ट्रासेवरच्या लष्करी कचेरीच्या जिन्यात उभे आहात. उकाड्यानं सदरा पाठीला चिकटलाय. बाहेर बॉम्बनी पाडलेल्या घरांची धूळ, आत घाम, शाई आणि कॉफी म्हणून उकळलेल्या भाजक्या जवाचा करपट वास.

सरका बाजूला! बूट वाजवत कर्नल श्टाउफेनबर्ग वर निघालेत. वय ३६. डाव्या डोळ्यावर पट्टी, उजवा पंजा नाही, डाव्या हाताला तीनच बोटं. बाकीचं गेल्या वर्षी ट्युनिशियाच्या आघाडीवर गेलं. आज दुपारी हिटलरच्या पूर्व प्रशियातल्या तळावर शर्ट बदलायच्या निमित्तानं ते एका खोलीत शिरले आणि मुद्दाम वाकवून घेतलेल्या पकडीनं, त्या तीन बोटांनी त्यांनी बॉम्ब चालू केला. तेवढ्यात कुणीतरी घाई करायला दारात आलं आणि स्फोटकांचा दुसरा पुडा तसाच राहिला. तरी हिटलरच्या बैठकीच्या खोलीत ठेवलेल्या बॉम्बचा धमाका त्यांनी स्वतः पाहिलाय. हिटलर मेला, असं ते छातीठोकपणे सांगतात.

तुमच्या हातात कागद कोंबला जातो. पळा, टेलिप्रिंटरच्या खोलीत! दार उघडताच शंभर शिवणयंत्रं एकदम सुरू झाल्यासारखा खडखडाट कानावर आदळतो. कागदावर हुकूम आहे: सत्ता लष्कराच्या हाती आली आहे, एसएस या नाझी दलाचे आणि नाझी पक्षाचे म्होरके ताब्यात घ्या. योजनेचं नाव वाल्किरी. ती आखली होती देशातला उठाव मोडायला. जनरल ओलब्रिश्ट आणि त्यांच्या साथीदारांनी तीच राजवटीवर उलटवली आहे. पण मजकुरावर ‘अतिगोपनीय’ शेरा पडलाय. म्हणजे तो ठरावीक मुलींनीच, खास यंत्रांवर, एकेका ठाण्याला पाठवायचा. त्यात तासन्‌तास जातात. हुकूम पोचतो तेव्हा बऱ्याच कचेऱ्यांतले साहेब घरी गेलेले असतात.

साडेसहाच्या सुमारास रेडिओ बोलतो: हिटलर जिवंत आहे.

आता या चेहऱ्यांकडे नीट बघा. फोन घणघणताहेत. पलीकडचे अधिकारी, दुपारपर्यंत ‘बघू’ म्हणणारे, एकेक करून काखा वर करतात. पॅरिसमध्ये एसएसच्या हजाराहून अधिक माणसांना खरंच अटक होते. बाकी बहुतेक ठिकाणी चालढकल. श्टाउफेनबर्ग मात्र तीन बोटांत रिसिव्हर धरून बोलतच राहतात: रेडिओवर विश्वास ठेवू नका, हुकूम पाळा. घसा बसतो, सिगारेटच्या धुरानं डोळे चुरचुरतात, ब्लॅकआउटमुळे खिडक्या बंद, आणि तरी ते टोपी उचलून मागच्या दारानं निघत नाहीत.

रात्री अकराच्या आसपास कॉरिडॉरमध्ये गोळ्या सुटतात. कटवाल्यांनी दुपारी कोंडून ठेवलेले श्टाउफेनबर्गांचे वरिष्ठ, जनरल फ्रॉम सुटलेत. कट शिजतोय हे त्यांना माहीत होतं, म्हणून आता साक्षीदार उरू द्यायचे नाहीत. मध्यरात्रीनंतर अंगणात, ट्रकच्या दिव्यांच्या उजेडात, ओलब्रिश्ट, श्टाउफेनबर्ग आणि त्यांचे साथीदार हेफ्टेन व मेर्ट्झ फॉन क्विर्नहाइम यांना गोळ्या घातल्या जातात.

ही देवमाणसं नव्हती. यांतल्या अनेकांनी हिटलरच्या विजयांवर टाळ्या वाजवल्या होत्या, त्याच्या सैन्यात बढत्या घेतल्या होत्या. जाग उशिरा आली, आणि त्या उशिराची किंमत लाखोंनी मोजली. तरी साडेसहानंतरची ती संध्याकाळ विसरू नका. डाव फसला आहे हे दिसत असताना, गळ्यात फास येणार हे ठाऊक असताना त्यांनी फोन खाली ठेवला नाही. बॉम्ब फुटला तो क्षण धाडसाचा होता. हे पुढचे तास त्याहून मोठे होते.