ईश्वरी मार्गदर्शन (ख्रिस्ती जीवनातील)
स्वतःच्या बुद्धीच्या व अंतःप्रेरणेच्या कौलापेक्षा देवाच्या इच्छेवर भिस्त ठेवण्याची धारणा; बायबलातील ‘नीतिसूत्रे’ ग्रंथाचा तिसरा अध्याय हा तिचा एक प्रमुख आधार होय. मराठी मुलखातील तिचे ठळक उदाहरण कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे आहे. नागपूर–राजनांदगाव लोहमार्गाच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. आप्तांचा दुरावा पत्करून त्यांनी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे १९१७ मध्ये, ही देवाचीच आज्ञा अशा दृढ श्रद्धेने, मिशनच्या पगारी सेवेचा राजीनामा देऊन साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. अशी प्रेरणा ही निव्वळ मनाची ऊर्मी नव्हे, हे शास्त्रवचन, प्रार्थना व मंडळीचा सल्ला यांवर पारखून घ्यावे लागते. टिळकांच्या श्रद्धेची सचोटी मात्र त्या सोडलेल्या वेतनातच निःसंशय दिसते.