डोलकाठीच्या रुळाचे तोंड

रत्नागिरी-मालवणकडे शिडाचा मचवा ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल, त्याचे शीड डोलकाठीला बांधलेले नसते. ते एका तिरप्या काठीला बांधतात आणि ती काठीच दोराने वर ओढतात. युरोपातल्या पुष्कळ बोटींची रीत निराळी. तिथे मोठ्या शिडाची एक कड थेट डोलकाठीला धरून वरखाली होते. मग ती कड धरून ठेवायची कशी?

जुना उपाय लाकडी कड्यांचा. कड्या डोलकाठीत ओवायच्या आणि शीड त्यांना बांधायचे. पडद्याच्या कड्या दांडीवर सरकतात ना, अगदी तसे. शीड बुटके होते तोवर हे ठीक चालले. डोलकाठीला ताण देणारे दोर शिडाच्या वर बांधलेले असत, कड्यांच्या वाटेत काही येत नसे.

विसाव्या शतकाच्या आरंभी शर्यतीच्या बोटींवर उंच, त्रिकोणी 'बर्म्युडा' शीड आले. डोलकाठी उंच झाली, ती मोडू नये म्हणून मधल्या उंचीवरही दोर बांधावे लागले. झाली पंचाईत! कडी त्या दोरांपलीकडे चढणार कशी? तेव्हा कामी आला रूळ. काठीच्या मागच्या अंगाला धातूचा रूळ बसवायचा आणि शिडाच्या कडेला शिवलेले छोटे तुकडे त्यावर सरकवायचे. दोर पुढे नि बाजूंना, रूळ मागे, भांडण मिटले. या युक्तीचे श्रेय अमेरिकेतल्या ब्रिस्टल गावचे नौकाशिल्पी नथॅनिअल हेरेशॉफ (१८४८–१९३८) यांना देतात. १९३० साली 'अमेरिका कप' जिंकणाऱ्या 'एंटरप्राइज'ची धातूची डोलकाठी दीडशे फुटांहून उंच होती. तिथे कड्यांचे काय चालणार! पुढे काठीतच खाच ठेवू लागले आणि तिच्या आत नायलॉनचे तुकडे सरकू लागले.

पण तुकडे आत घालायला खाचेला खाली कुठे तरी तोंड ठेवावेच लागते, आणि खरी गोम तिथेच आहे. वादळात शीड उतरवायला जावे, तर तुकडे एकामागून एक त्या तोंडातून बाहेर पडतात. मोकळे शीड वाऱ्यावर फडफडू लागते, आवरता आवरत नाही. म्हणून तोंडाच्या वर आडवी खीळ घालतात, बैलगाडीच्या आसाला असते तशी. खीळ सोपी खरी, पण तुकडे तिच्यावर रचले जातात. मग शीड अर्धे गुंडाळायचे झाले, की त्याची कड पुरती खाली येत नाही. माझ्या मते तोंडावर सपाट पट्टी स्क्रूने बसवणे बरे. तुकडे तिच्यावरून सरळ खाली जातात. आणि नायलॉन उन्हाने ठिसूळ होते, तेव्हा दर हंगामाला एकेक तुकडा हाताने चाचपून पाहावा.

बोटीवर दोन माणसे असली, तर एक दोर सोडतो, दुसरा काठीपाशी तुकडे सांभाळतो. एकटा असला तर? आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली 'सुहेली' ही बत्तीस फुटी बोट बर्म्युडा शिडाचीच. तिच्यावरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडातल्या फालमथहून निघाले आणि कुठल्याही बंदराला न लागता, पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतले. ते ३१२ दिवस दोर सोडणाराही तोच आणि काठीपाशी उभा राहणाराही तोच.