पिठी, शिरवाळे आणि पाहुणे

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी आपल्या खाद्यपदार्थांच्या इतिहासावर चार शब्द लिहावेत, असे संपादिकाबाईंनी सुचविले. मी काही इतिहासाची अभ्यासक नव्हे. मालवणजवळच्या एका गावात गेली बावीस वर्षे पर्यटकांना दोन खोल्या देणारी आणि त्यांना रांधून वाढणारी मी एक गृहिणी. तेव्हा हा इतिहास स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलेला आहे, हे भगिनींनी ध्यानी घ्यावे.

आमच्याकडे पाहुणा येतो तो प्रथम सिंधुदुर्ग पाहावयास. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला तो १६६४ साली. चहूकडे खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी! त्यांची नावे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. पाण्याला नाव द्यावयाचे तर तेही खाण्याचेच. मला तर यात कोणा गृहिणीचाच हात दिसतो. असो.

किल्ला पाहून आलेली मंडळी ‘अस्सल मालवणी’ जेवण मागतात, तेव्हा मला थोडे हसू येते. ज्या मिरचीवाचून आमचे तिखले होत नाही ती, आणि ज्या ओल्या काजूच्या उसळीसाठी लोक लांबून येतात तो काजू, दोन्ही अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या किनाऱ्यास लागली. तिरफळ आणि कोकम मात्र मुळचीच इथली. पण परक्या वस्तू चार शतके आपल्या पाट्यावर वाटल्या गेल्यावर त्यांना परके म्हणणे मला तरी बरे वाटत नाही.

कोकमाची गंमत निराळीच आहे. फळ पिकते एप्रिल-मे महिन्यांत. साली काढून उन्हात वाळवावयाच्या, पुन्हा त्याच रसात बुडवावयाच्या, पुन्हा वाळत घालावयाच्या. असे कित्येकदा केल्यावर सोले तयार होतात. रसात मीठ घालून आगळ करावयाचे. हे सारे पावसाची पहिली सर येण्याआधी उरकावे लागते. आणि पर्यटकांची झुंबड उडते तीही नेमकी मे महिन्यातच! त्यामुळे ज्या सोलकढीची पाहुणे वाहवा करतात, तिच्यासाठी घरी आगळ करण्यास घरच्या बाईलाच सवड उरत नाही. दोन वर्षे मीही बाजारातून बाटल्या आणल्या, हे येथे कबूल करते.

आपल्या जेवणाला पैसे मोजावे, हे प्रथम मुंबईने ठरविले. गिरण्यांत कामाला गेलेल्या कोकणी पुरुषांना गिरणगावात खाणावळी चालवून जेवू घातले ते बायकांनीच. त्यांचे कष्ट घरकामातच जमा होत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या खाणावळवाल्यांना बँकेची कर्जे मिळवून दिली, तेव्हा कोठे या रांधण्याला उद्योग म्हणून मान मिळाला.

गावाकडे ही जाग उशिरा आली. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा झाला, १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. कुडाळ-कणकवलीला उतरून लोक आमच्या दारी येऊ लागले. मी खोल्या सुरू केल्या तेव्हा आम्ही त्यांच्यापुढे काय ठेवले म्हणाल? पनीरची भाजी आणि नूडल्स! घरची माणसे चुलीपाशी उकड्या तांदळाची पेज आणि कुळथाची पिठी जेवत, आणि बाहेर पाहुण्यांसाठी पाकिटातला मसाला शिजे. सासूबाई म्हणत, “पावण्यांक पिठी वाढूची म्हणजे लाज गो!” पिठी हे गरिबीचे अन्न, ते झाकून ठेवावे, असेच आम्हां सर्वांना वाटे.

एकदा एक वृद्ध गृहस्थ आजारी पडले. त्यांना काही सोसेना, म्हणून मी भीतभीत मऊ भात आणि पिठी दिली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरच्या सर्वांनी तीच मागितली. त्या दिवसापासून फळीवर पाटी लागली: पिठी, घावने, आंबोळी, खापरोळी. शिरवाळे मात्र लिहावयास धीर होईना. उकडलेल्या तांदळाच्या पिठाचे गोळे गरम असतानाच लाकडी शेवग्यातून दाबावे लागतात. एकटीचे ते काम नव्हे. आमचा शेवगा माळ्यावर धूळ खात पडला होता आणि त्याचा एक पायही मोडला होता. सुताराकडून तो नीट करून घेतला. सासूबाई वयाच्या ऐंशीव्या वर्षी शेजारी बसून, पीठ कितपत उकडावे ते सांगत राहिल्या. कागदावर लिहून न मिळणारी अशी ती विद्या आहे.

२०२३ साली सरकारने महिलांसाठी ‘आई’ पर्यटन धोरण आणले. पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा मिळावा, अशी त्यात तरतूद आहे. पण व्यवसाय बाईच्या मालकीचा हवा. मी उत्साहाने कागद काढले. पाहते तो खोल्यांची नोंद यजमानांच्या नावे! बावीस वर्षे मी रांधले आणि कागदावर माझे नाव कोठेच नाही. त्यात त्यांचाही दोष नाही. हा प्रश्न आमच्या दोघांच्याही कधी मनात आला नव्हता. चार दिवस घरात अबोला होता, मग दोघे मिळून कार्यालयात गेलो. आमच्या मंडळातील आणखी पाच जणींनी घरी जाऊन आपापले कागद उघडून पाहिले. त्यांपैकी एकीच्याच नावावर काही निघाले.

गेल्या सभेत, पिठी-भाताच्या ताटाला किती घ्यावे, यावर दोन तास चर्चा झाली. “कुळथाला पैसे किती पडतात?” असे एकीने विचारले, तर दुसरी म्हणाली, “ते भाजून, भरडून, दळणारीचे किती धरणार?” दर त्या दिवशी ठरला नाही. पुढील सभेला प्रत्येकीने, ताट वाढेपर्यंत आपले किती तास जातात, ते लिहून आणावयाचे आहे.