रुपेरी टाचांचा हॅरी

एखादा खेळ ज्या लोकांनी घडवला, त्याच लोकांना पुढे नियम करून त्या खेळातून बाहेर काढले, असे कोणी सांगितले तर तुमचा विश्वास बसायचा नाही. लॅक्रॉस या खेळाच्या बाबतीत मात्र तसे घडले आहे. ती हकिकत आज एका खेळाडूच्या आयुष्यावरून सांगतो.

आधी खेळ समजून घेऊ. कोकणात आंबे उतरवायला झेला असतो. लांब बांबू आणि त्याच्या टोकाला जाळीची झोळी. तशीच, पण आखूड काठी प्रत्येक खेळाडूच्या हाती आहे असे समजा. जाळीत चेंडू झेलायचा, पळत न्यायचा, गड्याकडे फेकायचा आणि अखेर समोरच्यांच्या गोलात मारायचा. गोलरक्षक सोडला तर चेंडूला कोणी हात लावायचा नाही. उत्तर अमेरिकेतल्या मोहॉक वगैरे मूळ रहिवाशांचा हा पिढीजात खेळ. तो देवाने दिला अशी त्यांची श्रद्धा. गावात कोणी आजारी पडले, तर त्याला बरे वाटावे म्हणूनही ते सामना खेळत.

गोऱ्या वसाहतवाल्यांना हा खेळ आवडला. १८६७ साली माँट्रियलचे दंतवैद्य जॉर्ज बिअर्स यांनी त्याचे नियम बांधले. १८७६ साली मोहॉक खेळाडूंना इंग्लंडला नेऊन विंडसर येथे व्हिक्टोरिया राणीपुढे त्यांचा खेळ करून दाखवला. आणि अवघ्या चार वर्षांनी, १८८० साली, कॅनडाच्या राष्ट्रीय संघटनेने ठरवले की सामने फक्त हौशी खेळाडूंनीच खेळायचे. नियम दिसायला मोठा सोज्वळ! पण प्रवासाला पैसे लागतात, खेळायला गेले की रोजगार बुडतो. पदरमोड करणे पोटभरू माणसाला कसे जमावे? मूळ रहिवासी खेळाडू पैसे घेत. म्हणून ते ‘धंदेवाईक’ ठरले आणि अजिंक्यपदाच्या सामन्यांतून बाद झाले. हौस ही सुद्धा खिशात पैसा असणाऱ्यालाच परवडते, ती अशी.

या लोकांत १९१२ साली, कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ग्रँड नदीकाठच्या ‘सिक्स नेशन्स’ वसाहतीत हॅरल्ड स्मिथ जन्मला. सगळे त्याला हॅरी म्हणत. वडील पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यात अधिकारी होते. हॅरी विशीच्या उंबरठ्यावर होता, तेव्हा एक नवल घडले. आइस हॉकीची बंदिस्त क्रीडागृहे उन्हाळ्यात रिकामी पडत. तिथे लॅक्रॉस खेळवून तिकिटे विकावीत, असे मालकांनी १९३१ साली मनावर घेतले. मैदान लहान, खेळाडू कमी, भोवती लाकडी कठडे. त्यामुळे खेळ भलताच वेगवान झाला. खेळाडूंना उघडपणे मोबदला मिळू लागला. ज्या पैशापायी त्याच्या आजोबांच्या पिढीला दार बंद झाले होते, त्याच पैशाने नातवाला आत घेतले.

हॅरी टोरोंटोच्या टेकुमसेह संघात निवडला गेला. पुढे रॉचेस्टरकडूनही तो खेळला. त्याची धाव अशी, की लोक त्याला ‘सिल्व्हरहील्स’, म्हणजे रुपेरी टाचांचा, म्हणू लागले. धंदेवाईक सामन्यांचा तो पहिला डाव दोन हंगामांतच मोडला. पण हॅरीचे खेळणे थांबले नाही. १९३७ च्या सुमारास संघाबरोबर फिरत असता विनोदी नट जो ई. ब्राउन यांच्या नजरेत त्याची चपळाई भरली. त्यांनी त्याला सिनेमाची वाट दाखवली.

जे सिल्व्हरहील्स या नावाने तो नट झाला. १९४९ ते १९५७ या काळात ‘द लोन रेंजर’ या दूरचित्रवाणी मालिकेत त्याने टोंटोचे काम केले. टोंटो हा बुरखाधारी गोऱ्या वीराचा मूळ रहिवासी सोबती. इमानी, शूर, पण मोडकेतोडके इंग्रजी बोलणारा. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘मूर्ख’ असा होतो! चांगले इंग्रजी बोलणाऱ्या या माणसाला पोटासाठी तसे बोलावे लागले. पण मिळालेल्या नावाचा त्याने उपयोग केला. १९६० नंतरच्या दशकात त्याने लॉस एंजेलिस येथे आपल्या लोकांसाठी अभिनयाची कार्यशाळा उभी केली, की त्यांच्या भूमिका त्यांनीच कराव्यात. १९८० साली तो वारला. अस्थी ग्रँड नदीकाठी परत गेल्या.

१९९० साली इरोक्वॉय लोकांचा, म्हणजे हॅरीची मोहॉक जमात ज्यांत मोडते त्यांचा, संघ स्वतःच्या नावाने आणि निशाणाने जागतिक स्पर्धेत उतरला. एकशेदहा वर्षांनी दार खऱ्या अर्थाने उघडले. १९९७ साली कॅनडाच्या लॅक्रॉस कीर्तिमंदिरात हॅरीला मानाचे स्थान मिळाले. मान मैदानावरच्या खेळाचा. पण नोंद झाली ती ‘हॅरी टोंटो स्मिथ’ अशी. नटाचे सोंग खेळाडूच्या नावाला चिकटले ते चिकटलेच.

शिक्षक मंडळींना एवढीच विनंती. मुलांना एखाद्या खेळाचे नियम शिकवाल, तेव्हा तो नियम कोणी केला आणि त्यामुळे कोण बाहेर राहिला, हेही एकदा विचारा. मुले बरोबर उत्तर शोधून काढतात.